किलोला साडेपाचशे रुपयांची मेथी: गच्चीवर भाजीपाला लावून देणाऱ्या सेवेचा दोन वर्षांचा अनुभव

पहिल्या वर्षी आमच्या गच्चीवर पिकलेली भाजी किलोला ५५० रुपयांनी पडली. हिशोब माझा आहे, त्यामुळे चूक नसणार. पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून ३१ वर्षं काढली. तिथली एक सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही: जे मोजलं ते त्याच दिवशी मोजमाप पुस्तकात, म्हणजे ‘मेझरमेंट बुक’मध्ये चढवायचं. गच्चीची ‘एम.बी.’ही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे. कुठल्या पिशवीतून कुठल्या तारखेला किती ग्रॅम निघालं, सगळं त्यात आहे. घरचे हसतात. हसू देत.

सेवा देणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पुण्यात हे काम करणारे आता बरेच झालेत, आणि चार जणांकडून कोटेशनं घेतली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचा साचा एकच. म्हणून हे एका दुकानाबद्दलचं गाऱ्हाणं न समजता त्या साच्याचं परीक्षण समजा.

आमची इमारत सिंहगड रस्त्यावर. सहा मजले, चोवीस घरं. त्यातल्या नऊ घरांनी प्रत्येकी साडेचार हजार काढले. उरलेल्या पंधरांपैकी काहींनी ‘बघू पुढे’ म्हटलं. सहाव्या मजल्यावरच्या काकांनी मात्र लेखी हरकत घेतली, की त्यांच्या छताला ओल आली तर भरपाई कोण देणार? हरकत रास्त होती. तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता, म्हणजे गच्चीवर पाणी तुंबवून करायची चाचणी वरुणराजानं चार महिने फुकट करून दिली होती. काकांच्या घरी जाऊन छत पाहिलं. कोरडं होतं. त्याचे फोटो तारखेसह काढून ठेवले आणि मगच पुढे गेले. तुम्हीही हे आधी करा. ओल जुनी की नवी यावरून होणारी भांडणं मी नोकरीत कालव्यांच्या अस्तरावरून भरपूर पाहिली आहेत.

पॅकेज असं होतं: ६० पिशव्या (४८ बारा बाय बारा इंचांच्या, १२ पंधरा बाय पंधरा इंचांच्या), त्यांत भरायचं मिश्रण, ठिबक, टायमर, वेलांसाठी मांडव, पहिल्या हंगामाचं बी आणि रोपं. सगळे मिळून ३८,५००. शिवाय देखभालीचे महिन्याला २,२००, त्यात आठवड्यातून एकदा माळी.

पण हे ठरण्याआधी एक प्रकार झाला. पाहणीला आलेल्या मुलानं मूळ प्रस्ताव वेगळाच आणला होता. कठड्याच्या आत, गच्चीच्या मधोमध, वीस फूट लांब आणि चार फूट रुंद विटांचा वाफा. आत फूटभर माती. टॅबवर चित्र इतकं देखणं की आमचे अध्यक्ष लगेच विरघळले. मी त्याला विचारलं, “ह्याचं वजन किती?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम, माती तर असते.”

मग मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं. वीस गुणिले चार गुणिले एक, ऐंशी घनफूट. म्हणजे सव्वादोन घनमीटर. ओली माती घनमीटरला सतराशे किलोच्या आसपास भरते. झाली पावणेचार टन, विटा वेगळ्या. चौरस मीटरचा हिशोब केला तर पाचशे किलोच्या वर. आणि माणसांची ये-जा असलेली सपाट गच्ची आपल्याकडे भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचा वापरभार धरून आखतात. आमच्या गच्चीवर ब्रिकबॅट कोब्याचं (गळती रोखायला घातलेल्या विटांच्या तुकड्यांच्या थराचं) ओझं आधीच आहे, ते निराळं. स्लॅब लगेच खाली येतो असं नाही, पण वर्षानुवर्षं तिप्पट भार अंगावर घेऊन तो वाकणार, तडकणार, आणि मग काकांच्या छताला जी ओल येईल ती खरीच आमची असेल.

कागद पुढे सरकवल्यावर त्या मुलाचा चेहरा पडला. त्याला दोष देत नाही. त्याला विक्री शिकवली होती, भार शिकवला नव्हता. पण जी कंपनी लोकांच्या डोक्यावर टनावारी वजन ठेवायला निघते, तिच्याकडे एकही स्थापत्य अभियंता नसावा, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. शेवटी पिशव्यांवर आलो. लहान पिशवी पाणी पिऊन पंधरा किलोच्या आत राहते, मोठी तिसाच्या आसपास. साठ पिशव्यांचं एकूण टनभर, तेही सबंध गच्चीवर पसरलेलं, आणि मोठ्या पिशव्या मी नकाशा काढून बरोबर तुळयांच्या रेषेवर ठेवायला लावल्या. प्रत्येक पिशवीखाली विटांचे दोन तुकडे, म्हणजे पाणी खालून वाहत पन्हाळीच्या भोकाकडे जातं आणि कोब्यावर साचत नाही.

त्याच मुलानं आणखी एक लोणकढी दिली होती: गच्चीवर शेती केली की महापालिका मालमत्ता करात सवलत देते. देत नाही. पुणे महापालिकेची सवलत आहे ती सौरऊर्जा, गांडूळखत आणि पावसाच्या पाण्याचं संधारण यांसाठी. एक प्रकल्प असेल तर ५ टक्के, दोन किंवा जास्त असतील तर १०. मेथीला काही नाही.

आता चांगलं सांगते. जोडणी उत्कृष्ट झाली. दोन मुलं सकाळी आठला आली, संध्याकाळी साडेपाचला गच्ची झाडून गेली. ठिबक बघून तर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. टाकीच्या तोंडाशी जाळीची गाळणी, सोळा मिलिमीटरची मुख्य नळी, तिच्यातून प्रत्येक पिशवीला चार मिलिमीटरची बारीक नळी, टोकाला तासाला दोन लिटरचा ड्रिपर. मी शेवटच्या पिशवीखाली मापाचं भांडं ठेवून अर्धा तास घड्याळ लावलं. ९६० मिली. पहिल्या पिशवीला १,०१०. एवढा सारखेपणा आमच्या वितरिकांच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यांच्या, शेवटच्या टोकाला कधी पाहिला नाही. म्हणजे एका वेळी साठ लिटर, उन्हाळ्यात दोन वेळचे एकशेवीस. अध्यक्षांनी पाणीकपातीचा मुद्दा काढला तेव्हा त्यांना त्यांच्याच गाडीखाली वाहणारा पाइप दाखवला. विषय मिटला.

नोव्हेंबरात मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा पेरला. टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं आली. पहिले चार आठवडे नुसता उत्सव. संध्याकाळी गच्चीवर जाऊन आपापल्या पिशवीचे फोटो काढणं, ते गावाकडे पाठवणं. मेथीची पहिली खुडणी १,३०० ग्रॅम, नऊ घरांत वाटली तर घरटी दीड मूठ. आमच्या ह्यांनी त्यात दोन बटाटे वाढवले.

सहाव्या आठवड्यात सगळं पिवळं पडलं. खालची पानं आधी, मग वरची. टोमॅटो फूटभर होऊन थांबला. माळी आला, पानं बघितली आणि म्हणाला, “बूस्टर मारावं लागंल.” बूस्टर म्हणजे हिरव्या झाकणाची बाटली, साडेचारशे रुपये, पॅकेजबाहेर. एक घेतली. आठ दिवस तरारी आली, पुन्हा पिवळं. तेव्हा मी एक पिशवी ताडपत्रीवर उपडी केली आणि बोटांनी चाळली. करड्या रंगाचा नारळाचा भुसा, मूठ-दोन मूठ गांडूळखत, निंबोळी पेंडीचे चार दाणे. कोटेशनमध्ये ‘पोषक मिश्रण’ लिहिलं होतं त्याचं हे दर्शन. हा भुसा म्हणजेच कोकोपीट. ते हलकं असतं, पाणी धरतं, म्हणूनच गच्चीला सोयीचं. पण त्यात रोपाला खायला जवळजवळ काही नसतं. आम्ही दीड महिना रोपांना पाण्यावर उपास घडवत होतो.

एकच गोष्ट समजून घ्यायची असेल तर ही घ्या. ह्या सेवा तुम्हाला पिशव्या, नळ्या आणि रोपं देतात. माती देत नाहीत, आणि ती विकत मिळण्यासारखी वस्तूही नव्हे. ती आपल्याच इमारतीत तयार करावी लागते, त्याला चार-सहा महिने लागतात, आणि तेवढा धीर कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

महाराष्ट्रात हे ज्ञान नवीन नाही. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून कितीतरी लोकांना काडीकचऱ्याची माती करायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास त्याच स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळं पिकवून दाखवली. म्हणजे वाट रुळलेली होती, आम्हीच गुळगुळीत पत्रकावर भाळलो.

मग कोपऱ्यातल्या रसवंतीवाल्याला गाठलं. उसाच्या चोयट्या तो रोज पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत टाकायचा. “न्या की, माझी कटकट गेली,” म्हणाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या बदामाची पानं ढिगानं पडतात, दरवर्षी कुणीतरी ती पेटवतं. ती गोळा केली. तीन जुनी पिंपं, बुडाला आणि बाजूंना भोकं. चोयट्या आणि पानांचा थर, नऊ घरांचा ओला कचरा, पुन्हा पानांचा थर, वर आंबट ताकाचा शिडकावा. पहिलं पिंप नासलं. ओला कचरा जास्त आणि पानं कमी झाली, वास सुटला, अळ्या जिन्यापर्यंत उतरल्या आणि काकांनी दुसरा लेखी अर्ज दिला. दुसऱ्या पिंपापासून पानं दुप्पट केली, वास गेला. मेअखेरीस पिंप उघडलं तेव्हा हाताला काळंभोर, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाचं काहीतरी लागलं. एम.बी.त त्या दिवशी लिहिलं आहे: ‘४१ किलो. उत्तम.’ शेरा लिहायची पद्धत एम.बी.त नसते, पण लिहिला.

देखभालीबद्दल. माळी मुलगा स्वभावानं गोड, कधी खाडा नाही. पण तो मूळचा लॉन आणि शोभेच्या झाडांचा. कातर चालवायची, औषध मारायचं, पुढची इमारत. चवळीवर मावा पडला होता. शेंडे काळे, चिकट. मी रोज भिंग घेऊन बघत होते (आरेखकाकडे भिंग असतंच). एका सकाळी माव्यात इवल्या मगरींसारख्या काळ्या-नारिंगी अळ्या फिरताना दिसल्या. ढालकिड्याची पिल्लं ती, मावा फस्त करणारी. पाहता पाहता एकीनं चार मावे संपवले. मी खूश होऊन खाली चहा प्यायला गेले. वर आले तर माळीदादांनी त्या अळ्या वेचून चिरडल्या होत्या, वर फवारणी. “लई अळ्या पडल्या होत्या मॅडम, साफ केल्या.” त्याला काय बोलणार? एप्रिलअखेर सहा महिन्यांचं कंत्राट संपलं, ते आम्ही वाढवलं नाही.

खरी परीक्षा दोडक्यानं घेतली. मे महिन्यात मोठ्या पिशव्यांमध्ये नवं खत भरून दोडका, पडवळ, कारलं, दुधी टोचलं. जुलैपर्यंत मांडव झाकून गेला. दोडक्याला नरफुलांचे घोसच्या घोस, मादीफुलंही दिसत होती, फुलामागे बोटभर शिरांचा इवलासा दोडका घेऊन. आणि तो इवलासा दोडका चार दिवसांत पिवळा पडून गळायचा. रोज पाच-सात गळायचे. कंपनीच्या पत्रकात लिहिलं होतं: ‘वेलवर्गीय पिकांचे परागीभवन सकाळी ७ ते ९ या वेळेत हाताने करावे.’ मी नेमानं सातला ब्रश घेऊन उभी. फुलं मलूल, मिटलेली. कारली लागली, दोडका एक नाही. फोन केला तर उत्तर तयार: बूस्टर.

जिना झाडायला येणाऱ्या मावशी वेल्ह्याकडच्या. त्या तीन दिवस मला ब्रश घेऊन उभी बघत होत्या. चौथ्या दिवशी खराटा भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, “ताई, रागावू नका, पण दोडका दिवेलागणीला फुलतोय. सकाळच्याला त्याला उठवून काय उपेग?”

त्या दिवशी साडेसहाला वर गेले. पाऊस नुकताच थांबला होता. मांडवावर पिवळी फुलं ताणून उघडली होती, सकाळची तीच वेल ओळखू येईना. दुधीचं पांढरं फूलही त्याच वेळेला उमलत होतं. मावशींनी नरफूल खुडलं, पाकळ्या मागे दुमडल्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या तोंडावर हळूच टेकवला, कुंकू लावतात तसा. “गावाकडं हे कुणी करत न्हाई, तिथं पाखरं करत्यात. तुमच्या सातव्या माळ्यावर कोण येतंय?” कारलं आणि काकडी सकाळची, दोडका आणि दुधी संध्याकाळचा. पत्रक लिहिणाऱ्यानं सगळे वेल एकाच वेळेत बसवून टाकले होते. त्या आठवड्यात अकरा फुलं टेकवली, नऊ दोडके धरले. पहिला ३४० ग्रॅमचा. तो वाटणीत न घालता मावशींना दिला, आणि त्यावर कुणाची हरकत आली नाही, काकांचीसुद्धा.

त्या २,२०० च्या जागी देखभालीचा खर्च आता थोड्या वेगळ्या पद्धतीनं होतो. मावशी आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर वर येतात, त्याचे महिन्याला पाचशे. अकराशे द्यायला तयार होतो, त्यांनीच “एवढं कशाला” म्हणून कमी घेतले आणि बदल्यात अळूची एक पिशवी स्वतःची ठेवली.

भेंडीचीही एक छोटी नोंद. कंपनीनं दिलेलं संकरित बी पिवळ्या शिरांच्या रोगानं महिन्यात गेलं. पुढच्या खेपेला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं ‘परभणी क्रांती’ वाण मुद्दाम शोधून आणलं, ते रोगाला बरंच टिकलं. बी कुठलं आणि कुठल्या वाणाचं, हे विचारा. ‘प्रीमियम’ हे वाणाचं नाव नव्हे.

आता आकडे. पहिल्या वर्षी पॅकेज आणि सहा महिन्यांची देखभाल मिळून ५१,७००, भाजी ९४ किलो. म्हणून ते साडेपाचशे. दुसऱ्या वर्षी बी, मावशींचे पैसे आणि ड्रिपर मिळून ६,३००, भाजी १४१ किलो. किलोला ४५ रुपये. मंडईपेक्षा स्वस्त असं तरीही म्हणता येणार नाही, पालेभाजीच्या हंगामात तर मुळीच नाही. आणि नऊ घरांचा भाजीपाला यावर भागतो, हा पत्रकातला दावा साफ खोटा. घरटी महिन्याला सव्वा-दीड किलो पडतं. कोथिंबीर, मिरची, कढीपत्ता आणि आठवड्याची एक पालेभाजी, एवढंच.

पण ऋषिपंचमीचा दिवस सांगितलाच पाहिजे. त्या दिवसाच्या भाजीला बैलाच्या कष्टाचं काही चालत नाही, आणि पुण्यात त्या आठवड्यात अळू-माठाच्या जुड्यांचे भाव काय होतात ते तुम्ही जाणताच. आमच्या गच्चीवर बैल चढण्याची शक्यता शून्य. अळू, लाल माठ, दोडका, पडवळ, भेंडी, लाल भोपळ्याचे कोवळे शेंडे, सगळं सकाळी एकदमच उतरवलं: ६ किलो ४०० ग्रॅम. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मोठं पातेलं चढवलं आणि भाजी चोवीसही घरांत गेली. सहाव्या मजल्यावरून वाटी रिकामी परत आली नाही, त्यात ओल्या नारळाच्या दोन वड्या होत्या.

माझे गुण पाचपैकी अडीच. दोन ठिबक आणि जोडणीचे, अर्धा त्या मुलांनी गच्ची झाडून दिली त्याचा. मिश्रण, बूस्टर, देखभाल आणि पत्रकाला शून्य. घेणारच असाल तर फक्त पिशव्या, नळ्या आणि मांडव घ्या, पिंपं मात्र चार महिने आधी लावा. इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला गच्ची दाखवा, मग माळ्याला.

ड्रिपर अजून त्यांच्याकडूनच घेते, कारण माल खरोखर चांगला आहे. गेल्या आठवड्यात पंचवीस मागवले, दुसऱ्या दिवशी दारात. खोक्यात ‘जुन्या ग्राहकांसाठी भेट’ म्हणून हिरव्या झाकणाची बाटली होती. ती मीटरच्या खोलीत ठेवली आहे, कुणाला हवी असेल तर घेऊन जा.